कंधारच्या रानातून विधानसभेत

शेतकऱ्याचा मुलगा आमदार होणं आज मराठवाड्यात कुणाला नवल वाटत नाही. पण त्यामागची वाट कळायची तर आधी जुनी संदूक उघडावी लागते. आमच्या घरच्या संदुकीत चार घड्यांचा एक उर्दू कागद होता. वर फसली साल, म्हणजे निजामी कारभारातलं महसुली वर्ष, खाली पुसट शिक्का, घड्यांवर कागद जीर्ण झालेला. आजोबा तो फडक्यात गुंडाळून तालुक्याला न्यायचे आणि उर्दू जाणणाऱ्या गुरुजींकडून वाचून घ्यायचे. जमीन आपली, पण तिच्याबद्दल काय लिहिलंय ते दुसऱ्याने सांगायचं. निजामी अमलातली लेव्ही, म्हणजे धान्याची सक्तीची वसुली, आणि जहागिरीची वसुली सोसताना शेतकरी मुका होता, तो असा.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. 1949 मध्ये जहागिरी गेल्या आणि 1950 च्या कूळ कायद्याने 'संरक्षित कूळ', म्हणजे मालकाला मनमानीने हुसकावता न येणारं कूळ, हा शब्द गावोगाव पोचला. 1952 ला पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. हैदराबादच्या 175 जागांच्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचे 10 जण निवडून आले. मग 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. आठ वर्षांत तीन राज्यं! कुळाची तक्रार तीच, ती मांडायचं ठिकाण तेवढं बदलत गेलं.

याच काळात नांदेड जिल्ह्यातल्या कंधारने 1957 ला याच शेतकरी कामगार पक्षाच्या भाई केशवराव धोंडगे यांना निवडून दिलं. शेतकरी घरातला, मुक्तिसंग्रामात उतरलेला हा माणूस. पाच वेळा आमदार, 1977 ला नांदेडचे खासदार, आणीबाणीत तुरुंगवास. लोक त्यांना 'मन्याडचा वाघ' म्हणत. मन्याड ही कंधारची नदी, आणि वाघ का, ते त्यांचं भाषण ऐकलेल्याला सांगावं लागत नसे.

शेतातून आलेल्या आमदाराला आणेवारी म्हणजे काय ते समजावून द्यावं लागत नाही. सोळा आण्यांपैकी पीक किती आणे आलं, या एका आकड्यावर तेव्हा शेतसाऱ्याची सूट ठरायची, दुष्काळ जाहीर होणं न होणं ठरायचं. चावडीवर बसून आकडा लिहिणारा आणि करपलेल्या ज्वारीत उभा असलेला, दोघांना रान सारखं दिसत नाही. 1972 च्या दुष्काळात तर लोकांनी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, खाऊन आणि खडी फोडून दिवस काढले. त्या दुष्काळाच्या अनुभवातून पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा उभा राहिला.

धोंडगे 1 जानेवारी 2023 ला गेले, वयाची शंभरी ओलांडून. मला स्वतःला त्यांच्या निवडणुकांपेक्षा त्यांनी कंधारला भरवलेलं गुराखी साहित्य संमेलन मोठं वाटतं. ज्यांचा सातबारासुद्धा कधीकाळी दुसऱ्याने वाचून दाखवला, त्यांच्या पोरांना तिथे मांडवात पुढे बोलावलं जायचं, गुरं राखताना म्हटलेली गाणी म्हणायला.