गॅसपाशी उभं कोण राहणार?

परवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एक जीपीएस मॉड्यूल आणलं. आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाच्या दोन साध्या पिनांना जोडलं, अक्षांश-रेखांश व्यवस्थित येऊ लागले. मग हौसेने ६० दिव्यांची डब्ल्यूएस२८१२ एलईडी पट्टी (जिच्या प्रत्येक दिव्याला वेगळा रंग सांगता येतो) लावली आणि पडद्यावर अक्षरांचा नुसता काला! वायरी तीनदा तपासल्या. वायरींनी काहीच केलं नव्हतं.

जीपीएस आपली माहिती एकाच तारेवरून, एकामागून एक बिट (० किंवा १) अशी पाठवतं. वेग सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे एका बिटाला १०४ मायक्रोसेकंद. सोबत घड्याळाची वेगळी तार नसते. 'सुरुवात' सांगणारा बिट आला की घेणाऱ्याने स्वतःच वेळ मोजत प्रत्येक बिटाच्या मधोमध तार तपासायची.

साध्या पिनेवर हे मोजमाप सॉफ्टवेअर करतं. गॅसवर दूध ठेवून पातेल्यापाशी उभं राहावं तसा प्रोसेसर अख्खं अक्षर येईपर्यंत अडकून पडतो. त्यात ही पट्टी भलती नाजूक. एका दिव्याला रंग कळवायला ३० मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढ्यात कोणी मध्ये बोललं तर रंग बिघडतात. म्हणून तिची लायब्ररी, म्हणजे पट्टी चालवणारा तयार कोड, प्रोसेसरला मध्येच थांबवणाऱ्या बाकीच्या हाका (इंटरप्ट) बंदच करून टाकते. ६० दिव्यांना १.८ मिलिसेकंद. तेवढ्यात जीपीएसचे १७ बिट निघून गेलेले असतात. दूध उतू गेलं!

उनोच्या चिपमध्ये यूएआरटी नावाचं वेगळं सर्किट असतं. ते म्हणजे शिट्टीवाला दुधाचा कुकर. एका बिटाच्या वेळेत ते सहसा १६ ठोके मोजतं, मधल्या तीन ठोक्यांना तार पाहतं आणि बहुमताने ० की १ ठरवतं. अक्षर पूर्ण झालं की प्रोसेसरला हाक. लगेच 'ओ' दिली नाही तरी दोन अक्षरं साठवून तिसरं आत घेत राहतं, म्हणजे साधारण २ मिलिसेकंदांची सवड. माझ्या ६० दिव्यांना ती पुरली. १४४ दिव्यांची पट्टी असती तर ४.३ मिलिसेकंद लागले असते; तिथे शिट्टी वाजूनही उपयोग नाही.

अडचण एवढीच की माझ्या उनोवर असं सर्किट एकच आहे, आणि यूएसबीतून कॉम्प्युटरशी बोलणंही त्याच्याकडूनच होतं. त्यामुळे आता जीपीएस शून्य नंबरच्या, म्हणजे या सर्किटच्या पिनेवर आहे, आणि नवा प्रोग्रॅम चढवताना दर वेळी ती वायर उपटावी लागते. काल विसरलो, तर अपलोडच होईना.