टेप ड्राइव्ह सांभाळायचे नियम आले कुठून?

ज्यांच्याकडे अजून टेपवर, म्हणजे कॅसेटसारख्या चुंबकीय पट्टीवर, बॅकअप चालतो त्यांना हे नियम तोंडपाठ असतात. क्लीनिंग कार्ट्रिज (ड्राइव्ह साफ करायची कॅसेट) उगाच घालायची नाही, टेप खाली पडली तर पुन्हा वापरायची नाही, बाहेरून आणलेली टेप लगेच लावायची नाही, डेटा हळू आला तर ड्राइव्ह खराब होतो वगैरे. नवीन पोरांना हे सांगितलं की ते विचारतात, पण का? आणि खरं सांगायचं तर बऱ्याच सीनियर लोकांनाही का ते माहीत नसतं, कुणीतरी सांगितलं म्हणून करतात. त्यात गोची अशी की यातले काही नियम आजच्या ड्राइव्हचे नाहीतच, तीस वर्षांपूर्वीच्या भलत्याच ड्राइव्हचे आहेत आणि सवयीने चिकटून राहिलेत. म्हणून थोडं मागे जाऊन बघू.

सुरुवात १९५१ पासून. युनिव्हॅक नावाचं कॉम्प्युटर अमेरिकेच्या जनगणना खात्याला मिळालं त्यासोबत युनिसर्वो नावाचे टेप ड्राइव्ह होते, आणि त्यावरची टेप प्लॅस्टिकची नव्हती, धातूची होती. फॉस्फर ब्राँझची पट्टी, त्यावर निकेलचा मुलामा, रुंदी अर्धा इंच, लांबी १२०० फूट. आता धातूची पट्टी सेकंदाला १०० इंच वेगाने हेडवरून, म्हणजे टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागावरून, घासत गेली तर हेडचं काय होणार? तर त्यांनी हेड आणि टेपच्या मधे प्लॅस्टिकची एक पातळ फिल्म ठेवली जी अगदी हळूहळू पुढे सरकायची, म्हणजे झीज व्हायची ती फिल्मची, हेडची नाही. म्हणजे बघा, पहिल्याच मॉडेलपासून डोकेदुखी डेटा लिहिण्याची नव्हती, हेड झिजण्याची होती. आणि ती आजही तीच आहे.

पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये आयबीएमने ७२६ आणला. टेप प्लॅस्टिकची झाली, रुंदी तीच अर्धा इंच. पण प्लॅस्टिकची टेप हलकी आणि नाजूक, आणि तेव्हाचं कॉम्प्युटर थोडं वाचायचं, थांबायचं, हिशेब करायचं, परत थोडं वाचायचं. तेवढं मोठं रीळ काही मिलिसेकंदात थांबवून परत पळवायचं म्हटलं तर टेप ताणून तुटणारच. आयबीएमच्या पकिप्सीच्या लॅबमधल्या जेम्स वाइडनहॅमर आणि त्यांच्या लोकांनी यावर उपाय काढला तो म्हणजे व्हॅक्यूम कॉलम. रिळाच्या खाली दोन उभे खोके, त्यातली हवा ओढून घेतलेली, आणि टेपचा एक सैल लूप त्यात लोंबत ठेवलेला. हेडपाशी टेप एकदम पळाली तरी ती या लूपमधून येते, जड रीळ आपलं मागाहून सावकाश फिरतं. जुन्या पिक्चरमध्ये कॉम्प्युटर दाखवायचा म्हटलं की ज्या कपाटाएवढ्या मशीनवर रिळं गचके खात फिरताना दाखवतात ना, ते हेच. हा लूप लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग १९६४ मध्ये आयबीएम सिस्टिम ३६० आली आणि नऊ ट्रॅकची टेप आली, आठ बिट आणि चूक पकडायला एक पॅरिटी. घनता आधी इंचाला ८०० बाइट, मग १६००, मग सत्तरीत ६२५०. साडेदहा इंची रीळ, २४०० फूट टेप, हे इतकं पक्कं झालं की पुढची वीस वर्षं जगभर तेच चाललं. त्याच १९६४ साली मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० नावाचं मोठं कॉम्प्युटर बसलं, त्यालाही टेप युनिट होतीच, आणि देशभरातून लोक आपली कामं घेऊन तिथे यायचे.

या रिळांच्या काळातली निगा म्हणजे हाताचं काम. दर शिफ्टला ऑपरेटर दार उघडायचा, बिनधाग्याच्या कापडावर किंवा बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचा आणि हेड, गाइड, टेप जिथून जिथून जाते ती सगळी वाट पुसायचा. बोळ्यावर तपकिरी डाग आला की समजायचं टेपवरचा ऑक्साइड, म्हणजे चुंबकीय थर, सुटतोय. टेपच्या सुरुवातीला काही फुटांवर ॲल्युमिनियमची चमकणारी छोटी चिकटपट्टी असायची, ड्राइव्हमधला दिवा तिच्यावर पडून परत आला की ड्राइव्हला कळायचं इथून डेटा सुरू. रोज हाताळून टेपचं पुढचं टोक चुरगळलं की ऑपरेटर सरळ कात्रीने ते कापायचा आणि नवीन चमकी चिकटवायचा. आणि रिळाच्या मागे खाचेत एक प्लॅस्टिकची रिंग. रिंग असेल तरच लिहिता येणार, काढली की टेप फक्त वाचण्यापुरती. रिंग नाही तर रायटिंग नाही, इतकं सोपं. आजच्या कार्ट्रिजवर जो लाल सरकता खटका असतो तो या रिंगचा नातू, फक्त उलटा, तो सरकवला की लिहिणं बंद.

मला विचाराल तर टेपच्या इतिहासात खरा बदल झाला तो क्षमतेत नाही, तर माणसाचा हात टेपपासून लांब गेला त्यात. आयबीएमने १९८४ मध्ये ३४८० आणला, तळहातावर मावेल अशी चौकोनी कार्ट्रिज, २०० एमबी, आणि टेपला बोट लावायचा प्रश्नच मिटला. तीन वर्षांत स्टोरेजटेकने रोबोट आणला जो कार्ट्रिज स्वतः उचलून ड्राइव्हमध्ये घालतो. त्याच सुमारास डेक कंपनीने टीके५० काढला, ९४ एमबी, कार्ट्रिजमध्ये एकच रीळ आणि दुसरं रीळ ड्राइव्हच्या पोटात. यातूनच पुढे डीएलटी नावाचा टेपचा प्रकार झाला, तो १९९४ मध्ये क्वांटम कंपनीकडे गेला.

पण हे सगळं मोठ्या लोकांचं. छोट्या ऑफिसांच्या वाट्याला आले ते स्वस्तातले ड्राइव्ह, आणि आपल्या डोक्यात बसलेले बहुतेक नियम तिथलेच.

पहिला प्रकार क्यूआयसी, पाव इंची टेप. थ्रीएमने १९७२ मध्ये काढलेली ही कार्ट्रिज हुशारीने बनवलेली होती, आत दोन्ही रिळं आणि त्यांना फिरवणारा एक लवचीक पट्टा, बाहेरून ड्राइव्हचा रबरी रोलर फक्त एका चाकाला टेकतो. मोटर एक, भाग कमी, म्हणून स्वस्त. पण पट्टा म्हटला की ताण आला, कार्ट्रिज बरेच दिवस नुसती पडून राहिली किंवा थंडीतून गरमीत आली की आतल्या टेपचा ताण कमीजास्त व्हायचा आणि रीड एरर यायचे. म्हणून बॅकअपच्या आधी टेप एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवून परत आणायची, याला री-टेन्शन (परत ताण देणं) म्हणायचे, युनिक्सवर त्यासाठी एमटी कमांडमध्ये खास ऑप्शनच आहे. आजही कुणीतरी एलटीओ टेपवर (हा सध्याचा प्रकार, त्याबद्दल पुढे) हे करायला सांगतं, एलटीओमध्ये असा पट्टाच नाही. दरवेळी एक किलोमीटर टेप उगाच पळवायची, वेळही जातो आणि झीजही होते. आणि जुना क्यूआयसी ड्राइव्ह कुणाच्या माळ्यावर असेल तर चालू करायच्या आधी रबरी रोलर बघा, बहुतेक वितळून चिकट गोळा झालेला असतो, तो तसाच टेपला लागला तर कार्ट्रिजही गेली.

या स्वस्त ड्राइव्हांनी अजून एक गोष्ट केली. व्हॅक्यूम कॉलम महाग आणि अवजड, तो काढून टाकला. पण मग टेप झटक्यात थांबवता येईना. तोडगा असा की थांबवायचीच नाही, एका वेगाने सलग पळवायची, म्हणून यांना स्ट्रीमर म्हणू लागले. कॉम्प्युटर डेटा वेळेवर देतोय तोवर मजेत, पण डेटा कमी पडला की ड्राइव्हला ब्रेक लावावा लागतो, तोवर टेप पुढे गेलेली, मग मागे घ्यायची, परत पळवून वेग आला की जिथे सोडलं होतं तिथून लिहायचं. हे दर काही सेकंदांनी चाललं की टेपचा तोच तुकडा हेडवर पुढेमागे, पुढेमागे. बूटपॉलिशवाला बुटावर फडकं मारतो तसं, म्हणूनच याला शू-शायनिंग म्हणतात. बॅकअप कूर्मगतीने होतो आणि वर टेप आणि हेड दोन्ही घासतात. एलटीओ ड्राइव्ह डेटा कमी आला तर आपला वेग थोडा कमी करून जमवून घेतो, पण त्यालाही खालची मर्यादा आहेच. एलटीओ-९ चा मोठा ड्राइव्ह कॉम्प्रेशन न धरता सेकंदाला ४०० एमबी खातो, त्याला तुम्ही नेटवर्कवरच्या लाखभर बारक्या एक्सेल फाइल थेट पाजल्या तर तो उपाशीच राहणार. म्हणून आधी डिस्कवर गोळा करा, मग डिस्कवरून टेपवर टाका, ही पद्धत पडली त्याचं मूळ हे.

दुसरा प्रकार डॅट, म्हणजे डीडीएस. सोनी आणि एचपीने १९८९ मध्ये गाण्यांची डिजिटल कॅसेट उचलली आणि तिच्यावर डेटा लिहायला लागले. सुरुवातीला १.३ जीबी, नव्वदीच्या शेवटी डीडीएस-४ आला तेव्हा २० जीबी. आपल्याकडे बँका, कारखाने, सीएंची ऑफिसं, जिथे सर्व्हर आला तिथे बहुतेक वेळा समोर एक डॅट ड्राइव्हही असायचा, आणि संध्याकाळी निघताना सोमवारची काढून मंगळवारची लावणं हे कुणातरी एकाचं काम. डॅटमध्ये व्हीसीआरसारखा तिरका फिरणारा ड्रम असतो, टेप त्याला गुंडाळली जाते. अशा ड्रमवर घाण लवकर बसते म्हणून आठवड्याला एकदा क्लीनिंग कॅसेट फिरवायची शिस्त होती, आणि ती बरोबर होती. आणखी एक, पावसाळ्यात एसी बंद खोलीत ड्रमवर ओल धरली तर टेप त्याला चिकटून बसायची, मुंबई-कोकणात हे चांगलंच माहितीचं. एका ऑफिसात तर मी अशी टेप चिमट्याने ओढून काढताना बघितलंय, मीटरभर तरी बाहेर आली असेल, त्यानंतर तिचं काय होणार ते सांगायला नको.

आता डीएलटी आणि एलटीओ. यात फिरता ड्रम नाही, हेड जागेवर आणि टेप सरळ जाते, आणि क्लीनिंग टेप मुद्दाम थोडी खरखरीत असते. म्हणजे ती दर आठवड्याला फिरवली की हेड स्वच्छ होत नाही, झिजतं. ड्राइव्ह स्वतः एरर मोजतो आणि गरज पडली की सांगतो, दिवा लागतो किंवा छोट्या डिस्प्लेवर सी येतो, तेव्हाच घालायची. कार्ट्रिजही मोजून चालते, आयबीएमच्या एलटीओ ड्राइव्हवर ५० वेळा, जुन्या डीएलटीची २० वेळा, नंतर ती फेकायची. डॅटवरून एलटीओवर आलेल्या ऑफिसांत दर शुक्रवारी क्लीनिंग टेप घालणारे लोक अजून आहेत. त्यांची चूक नाही, त्यांना नियम दिला गेला, नियमाचं कारण दिलं गेलं नाही.

एलटीओ आला २०००मध्ये. डीएलटी एकट्या क्वांटमच्या हातात होता, म्हणून एचपी, आयबीएम आणि सीगेट एकत्र आले आणि सगळ्यांना बनवता येईल असं स्टँडर्ड काढलं. पहिली कार्ट्रिज १०० जीबी, २०२१ ची एलटीओ-९ १८ टीबी. रुंदी? अजूनही अर्धा इंच! फक्त त्या अर्ध्या इंचात पहिल्या एलटीओत ३८४ ट्रॅक होते, नवव्यात ८९६०, आणि टेपची जाडी साडेपाच मायक्रॉनच्याही आत. इतके बारीक ट्रॅक सापडावेत म्हणून कारखान्यातच टेपवर सर्व्हो पट्टे लिहून येतात. त्यामुळे जुनी सवय म्हणून कुणी एलटीओ टेप मोठ्या चुंबकाने डीगॉस करून, म्हणजे पूर्ण पुसून, परत वापरायला गेलं तर ते पट्टेच पुसले जातात आणि टेप कायमची बाद. पडलेली टेप वापरू नका हेही इथूनच, आत टेपच्या टोकाला एक बारीक लीडर पिन असते, ती क्लिपमधून सरकली की ड्राइव्हला टेप पकडताच येत नाही आणि अर्ध्यात अडकली तर ड्राइव्हसुद्धा जातो. टेप इतकी पातळ की हवामानाने तिची रुंदी किंचित बदलते, म्हणून एलटीओ-९ ची नवी कार्ट्रिज पहिल्यांदा लावली की ड्राइव्ह आधी तिची मापं घेत बसतो, कधीकधी दोन तासही. ड्राइव्ह हँग झाला म्हणून मधेच पॉवर काढू नका. वर्षानुवर्षं ठेवायची टेप १६ ते २५ डिग्रीत आणि २० ते ५० टक्के दमटपणात ठेवायची असते, आणि मुंबईत जुलैत बाहेरची हवा यापेक्षा कितीतरी दमट असते.

टेप मेली असं दर पाच वर्षांनी कुणीतरी म्हणतं. फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलच्या स्टोरेज सॉफ्टवेअरमधल्या बगमुळे काही जीमेल अकाउंटमधली मेल गायब झाली, वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या सगळ्या कॉपींवर तोच बग चालला, आणि शेवटी मेल परत आली ती टेपवरून, कारण टेप ऑफलाइन होती. रॅन्समवेअरच्या काळात टेपला परत भाव आला तोही याच कारणाने, कपाटातल्या कार्ट्रिजपर्यंत व्हायरस पोचू शकत नाही.

पण टेप टिकली म्हणजे डेटा टिकला असं नाही. १९६६-६७ मध्ये नासाच्या लूनर ऑर्बिटर यानांनी चंद्राचे फोटो पाठवले, ते टेपवर साठवले गेले. टेप राहिल्या, पण त्या वाचणारे ॲम्पेक्स एफआर-९०० ड्राइव्ह जगातून जवळजवळ संपले. नासाच्या जेपीएल लॅबमधल्या नॅन्सी इव्हान्स यांनी फ्रिजएवढे ते ड्राइव्ह कित्येक वर्षं स्वतःच्या घरी सांभाळले, आणि २००८ मध्ये नासाच्या एम्स सेंटरमधल्या बंद पडलेल्या मॅकडोनाल्डमध्ये काही लोकांनी ते दुरुस्त करायला घेतले. हेड नवीन करून घेतले, जुनी मॅन्युअलं शोधली, आणि त्या वर्षाअखेर चंद्राआडून दिसणाऱ्या पृथ्वीचा पहिला फोटो पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट बाहेर आला. उलट अपोलो ११ च्या मूळ टेलिमेट्री टेप (यानाकडून आलेल्या सिग्नलच्या), नासाच्या २००९ च्या चौकशीनुसार, टेपचा तुटवडा असताना बहुधा पुसून परत वापरल्या गेल्या.

आपल्या पातळीवर याचा हिशेब असा. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचायचे. एलटीओ-८ फक्त एक पिढी मागची वाचतो, एलटीओ-९ पण तसाच, आणि २०२५ मध्ये आलेला एलटीओ-१० मागचं काहीच वाचत नाही. म्हणजे कपाटात एलटीओ-७ च्या कार्ट्रिज असतील तर त्या वाचायला ७ किंवा ८ चा चालू ड्राइव्ह लागणार. जुना ड्राइव्ह भंगारात काढायच्या आधी त्या टेप नव्यावर उतरवून घ्या, नाहीतर ड्राइव्ह ठेवा, आणि नुसता ठेवू नका, सहा महिन्यांनी एकदा चालू करून एखादी फाइल रिस्टोअर करून बघा.