मेल्व्हिल-अभ्यास

हर्मन मेल्व्हिल (१८१९–१८९१) या अमेरिकन कादंबरीकाराच्या जीवनाचा व लेखनाचा चिकित्सक अभ्यास. मेल्व्हिल वारला तेव्हा वाचक त्याला जवळजवळ विसरले होते. उत्तरायुष्यात एकोणीस वर्षे तो न्यूयॉर्कच्या जकात खात्यात निरीक्षक होता. रेमंड वीव्हरने लिहिलेले मेल्व्हिलचे चरित्र १९२१ मध्ये आले, पाठोपाठ लंडनच्या कॉन्स्टेबल प्रकाशनाने सोळा खंडांत त्याचे लेखन छापले (१९२२–२४), आणि अभ्यासकांची रीघ लागली.

पण हाती असलेली संहिता, म्हणजे छापलेला मजकूर, निर्दोष नव्हती. ‘व्हाइट-जॅकेट’ या कादंबरीत समुद्रातल्या माशाला मेल्व्हिलने ‘कॉइल्ड’, म्हणजे वेटोळे घातलेला, म्हटले होते. कॉन्स्टेबलच्या छपाईत त्याचे ‘सॉइल्ड’, म्हणजे मळलेला, झाले. एफ. ओ. मॅथिसनसारख्या जाणत्या समीक्षकाने १९४१ मध्ये त्याच शब्दाचे मर्म उलगडून दाखवले. चूक १९४९ मध्ये दाखवली गेली. एका अक्षराची ही फजिती पाठचिकित्सेच्या, म्हणजे लेखकाचा मूळ मजकूर ठरवण्याच्या शास्त्राच्या, वर्गात आजही सांगतात.

‘मोबी-डिक’ या कादंबरीचे हस्तलिखित उरलेले नाही. न्यूयॉर्कमध्ये जुळवलेली मुद्रिते (तपासणीच्या छापील प्रती) लंडनला गेली. त्यांवर मेल्व्हिलने आधी दुरुस्त्या केल्या होत्या, नंतर इंग्रज प्रकाशकाकडे धर्म व राजघराणे यांना झोंबणारा मजकूर कापला गेला. ऑक्टोबर १८५१ च्या त्या आवृत्तीत उपसंहारच नव्हता, त्यामुळे जहाज बुडाल्यावर निवेदक वाचला कसा, असा सवाल समीक्षकांनी केला. नोव्हेंबरमधील अमेरिकन आवृत्तीत तो होता. म्हणून प्रत्येक पाठभेद, म्हणजे दोन आवृत्त्यांतला फरक, सुटा तपासावा लागतो. बायबलची थट्टा गाळलेली दिसली तर संशय प्रकाशकावर. वाक्य नेमके झाले असेल तर बहुधा लेखकाचा हात. मधल्या कित्येक जागी निवाडा होत नाही. मेल्व्हिलच्या लेखनाच्या नॉर्थवेस्टर्न-न्यूबेरी आवृत्तीचे (१९६८–२०१७, पंधरा खंड) संपादक अमेरिकन पाठ आधारभूत धरून निवडक इंग्रज पाठ स्वीकारतात.

‘बिली बड’ या अखेरच्या कथेची अडचण उलटी: मेल्व्हिलच्या हयातीतली छापील प्रत नाही, आहे ते पेन्सिल-शाईने गिचमिड केलेले अपुरे हस्तलिखित, सध्या हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात. वीव्हरने ते १९२४ मध्ये छापले, पण मेल्व्हिलची पत्नी एलिझाबेथ हिच्या काही नोंदी मेल्व्हिलच्याच समजून. टाकून दिलेली पाने त्यामुळे ‘प्रस्तावना’ होऊन बसली. हॅरिसन हेफर्ड आणि मर्टन सील्ट्स यांनी कागद, शाई, हस्ताक्षर व खोडलेले पृष्ठांक जुळवून १९६२ मध्ये लेखनाचे टप्पे लावले: आधी खलाशी बिली, मग त्याच्यावर खोटा आळ घेणारा क्लॅगर्ट, बिलीला फाशी देववणारा कप्तान व्हिअर अखेरीस. कथेचा नैतिक भार व्हिअरवर आहे असे मानणाऱ्यांना हा क्रम विसरून चालत नाही.

चरित्रातली जुनी खोड म्हणजे कादंबऱ्यांनाच आत्मकथन मानणे. ‘टायपी’ या पुस्तकात पॅसिफिकमधील नुकुहिवा बेटावरचा मुक्काम चार महिन्यांचा आहे, चार्ल्स अँडरसनने १९३९ मध्ये जहाजांच्या नोंदींवरून दाखवले, तो जेमतेम चार आठवड्यांचा होता. जे लेडा या अभ्यासकाने १९५१ मध्ये पत्रे, नोंदवह्या, वृत्तपत्रीय कात्रणे तारीखवार मांडली. तरी मोठी पोकळी राहतेच: कादंबरीकार मित्र नॅथॅनिएल हॉथॉर्नला मेल्व्हिलने लिहिलेली काही पत्रे टिकली, हॉथॉर्नची उत्तरे मिळत नाहीत. या मैत्रीवरचे बहुतेक लेखन त्यामुळे एकाच बाजूचे ऐकून केलेले आहे.