छोट्या गिअरची लाज

पहिली रोड बाइक घेताना दुकानात एक सल्ला हमखास मिळतो. ‘३४-२८ भरपूर झालं, पाय आपोआप तयार होतील.’ म्हणजे पेडलजवळ ३४ दातांचं चक्र आणि मागच्या चाकावर सर्वांत मोठं २८ दातांचं; पुढचं जितकं लहान आणि मागचं जितकं मोठं, तितका गिअर छोटा आणि चढ सोपा. मग रविवारी पहाटे सिंहगडाच्या घाटात पायांच्या आधी गुडघे बोलू लागतात. या सल्ल्यात यंत्राचा विचार कमी आणि इभ्रतीचा जास्त आहे. ही इभ्रत थेट फ्रान्सहून आलेली आहे, आणि तिचं वय शंभराच्या पुढे आहे.

सेंट-एतिएन हे डोंगरांलगतचं गाव. तिथला पॉल द व्हिवी (१८५३–१९३०) ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहायचा आणि सायकलीला एकापेक्षा जास्त गिअर हवेत असं तळमळीने सांगायचा. चढ बदलला तरी पायांची लय बदलू नये, एवढंच त्याचं म्हणणं. टूर द फ्रान्सचा जनक आंरी देग्रांज याला ते मुळीच पटेना. १९०२ मध्ये, म्हणजे टूर सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, त्याने लिहून टाकलं की बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत. डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेच्या, करामतीपेक्षा स्नायूंच्या बळावर जिंकणं केव्हाही श्रेष्ठ.

हा माणूस नुसतं मत मांडून थांबला नाही, त्याने ते नियमात घातलं. १९१० मध्ये टूर पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच घाटांत शिरली. २,११५ मीटर उंचीच्या तूरमालेवर त्या वर्षीचा विजेता ऑक्ताव लापीझसुद्धा काही अंतर सायकल ढकलत चालला, आणि ओबिस्कच्या घाटात त्याने आयोजकांना ‘खुनी’ म्हणून घेतलं. पुढची कित्येक वर्षं स्पर्धकांची पद्धत अशी: मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन वेगळ्या दातांची चक्रं. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, नट सैल करायचे, चाक उलटं बसवायचं आणि चढायला लागायचं. माथ्यावर पुन्हा तेच. १९२७ मध्ये इटलीतल्या क्रोचे द’ऑने घाटात थंडीने बधिर झालेल्या बोटांनी शर्यतपटू तुल्यो काम्पान्योलोला हे नट सुटेनात आणि त्यातूनच त्याला क्विक रिलीज, म्हणजे एका दांडीने चाक झटकन सोडवण्याची सोय, सुचलं, असं सांगतात. कथेत थोडा मीठमसाला असेलही, पण अडचण खरी होती.

टूरमध्ये डिरेलरला मुभा मिळाली ती १९३७ मध्ये. तोवर सूत्रं देग्रांजकडून झाक गोदेकडे गेली होती. हौशी भटक्यांनी मात्र इतकी वाट पाहिली नव्हती. पॅरिसजवळच्या शांतलूच्या चढावर १९१३ पासूनच अनेक गिअरच्या सायकलींसाठी शर्यत भरत होती, आणि लांब फिरणाऱ्यांच्या सायकलींवर पुढे दोन-तीन चेनरिंग, म्हणजे पेडलजवळची दातेरी चक्रं, दिसू लागल्या. आपल्याकडे बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या बिनशर्यतीच्या फेऱ्या, करणारी मंडळी खरं तर या भटक्यांच्या घराण्यातली. पण सायकल निवडताना आदर्श ठेवतात शर्यतवाल्यांचा.

१९३७ नंतर लाज गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. आता प्रश्न आला, गिअर किती छोटा? साठ-सत्तरच्या दशकांत शर्यतीच्या सायकलवर पुढे साधारण ५२-४२ आणि मागे पाच-सहाच चक्रं असत. एवढ्या थोड्या चक्रांत मोठं चक्र बसवलं की दोन गिअरमधली उडी फार मोठी होई, आणि त्या काळचे डिरेलर साधारण २६ दातांच्या पुढे रडत. शिवाय क्रँकची, म्हणजे पेडलच्या दांड्याची, अडचण होतीच. चेनरिंगचे बोल्ट १४४ मिलिमीटरच्या वर्तुळावर असले, तर ४१ दातांपेक्षा लहान चेनरिंग बसूच शकत नाही. जपानी कंपनी शिमानोच्या १३० मिलिमीटरमध्ये ती ३८ पर्यंत उतरली आणि ५३-३९ ही जोडी रूढ झाली. तिसरी छोटी चेनरिंग लावण्याचा पर्याय होता, पण तिचं नाव पडलं ‘ग्रॅनी गिअर’, आजीबाईंचा गिअर. आपल्याकडच्या आज्या दर आषाढी वारीत दिवे घाट पायी चढून जातात; हे नाव हिणवण्याचं का ठरावं, मला कळलेलं नाही.

बदल झाला तो दोन बाजूंनी. शर्यतींत चढ क्रूर होत गेले. १९९९ मध्ये स्पेनच्या व्हुएल्तात आलेला आंगलीरू सुमारे साडेबारा किलोमीटरचा, आणि त्यातला एक तुकडा २३ टक्क्यांच्या पुढचा! दुसरीकडे ११० मिलिमीटर वर्तुळाचे ‘कॉम्पॅक्ट’ क्रँक आले आणि ५०-३४ शक्य झालं. २००३ च्या टूरमध्ये अमेरिकी सायकलपटू टायलर हॅमिल्टन गळपट्टीचं हाड मोडलेलं असताना कॉम्पॅक्ट वापरून डोंगर चढला आणि एक टप्पाही जिंकला. (पुढे तो डोपिंगमध्ये अडकला, तो भाग वेगळा.) मागची चक्रं वाढत बारावर गेली, त्यामुळे मोठं चक्र घेऊनही मधल्या उड्या आटोक्यात राहू लागल्या. २०२१ मध्ये शिमानोच्या सर्वांत महागड्या ड्युरा-एस संचात ११-३४ कॅसेट, म्हणजे ११ ते ३४ दातांच्या मागच्या चक्रांचा गठ्ठा, मिळू लागली आणि ५३-३९ यादीतूनच गेलं.

यातून पायांवर काय फरक पडला, ते आकड्यांत पाहू. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला, तर ४२-२४ वर पेडलच्या एका फेरीत ३.६८ मीटर जातो, ३४-३४ वर २.१ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर वेग येतो ताशी १३ आणि साडेसात किलोमीटर. १० टक्के चढावर सायकलसह ८४ किलो वजन न्यायचं तर पहिल्याला अंदाजे ३२५ वॅट लागतात, दुसऱ्याला १८०. पहिला आकडा तासभर टिकवणं कसलेल्यांचं काम; नोकरी सांभाळून चालवणाऱ्याची ऐपत बहुधा दुसऱ्याच्या आसपास असते. जुन्या गिअरवर वेग कमी केला तर वॅट उतरतात, पण मग मिनिटाला ३५ फेऱ्याही होत नाहीत आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो.

२८ ची कॅसेट काढून ३४ ची घ्यायची असेल, तर आधी मागचा डिरेलर किती दातांपर्यंत झेपतो ते तपासायचं. आखूड पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा खालचा भाग लहान) असेल तर बहुधा तोही बदलावा लागतो, आणि चेनही सहसा लांब घ्यावी लागते.