पोंपोको (अ‍ॅनिमे चित्रपट)

पोंपोको हा इसाओ ताकाहाता यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला, स्टुडिओ जिब्ली या जपानी अ‍ॅनिमेशन संस्थेचा विनोदी अ‍ॅनिमे चित्रपट. जपानमध्ये तो १६ जुलै १९९४ रोजी प्रदर्शित झाला. लांबी ११९ मिनिटे. मूळ नाव ‘हेइसेइ तानुकी गास्सेन पोंपोको’. हेइसेइ हे १९८९ ते २०१९ या जपानी कालखंडाचे नाव, गास्सेन म्हणजे लढाई, आणि पोंपोको म्हणजे तानुकी या जपानी प्राण्याने स्वतःच्या फुगलेल्या पोटावर थाप मारली की येणारा आवाज. त्या वर्षी जपानी चित्रपटांमध्ये सर्वाधिक कमाई याची झाली, आणि १९९५ मध्ये फ्रान्सच्या आनेसी महोत्सवात दीर्घ अ‍ॅनिमेशनपटाचा पुरस्कारही मिळाला.

पोस्टरवर गुबगुबीत प्राणी आहेत, पहिला तासभर हशा पिकतो, म्हणून पालक हा चित्रपट निःशंकपणे लहान मुलांना लावून देतात. निम्म्यानंतर पोरे गप्प होतात. हा विनोदी चित्रपट आहे हे खरेच, पण यातला विनोद माणसांपुढे हरत जाणाऱ्या तानुकींच्या जमातीचा आहे. घरात कोणाबरोबर आणि कसा पाहायचा हे त्यावरून ठरवावे.

तानुकी हा श्वानकुळातला, म्हणजे कुत्र्या-कोल्ह्यांच्या नात्यातला प्राणी. डोळ्यांभोवतीच्या काळ्या पट्ट्यांमुळे तो अमेरिकेतल्या रॅकूनसारखा दिसतो, इतकेच. दोघांचे कुळ वेगळे. इंग्रजी डबिंगमध्ये त्यांना सरसकट रॅकून म्हटले आहे, ते चूक आहे. जपानी लोककथांत तानुकी रूपे पालटतो, माणसांना चकवतो, पण कोल्ह्याइतका धूर्त नसतो. खाण्यापिण्यात रमतो आणि त्यातच पकडला जातो. चित्रपटातले काही डाव याच स्वभावामुळे फसतात.

कथा तोक्योच्या पश्चिमेकडच्या तामा टेकड्यांवर घडते. १९६० च्या दशकात तिथे ‘तामा न्यू टाउन’ या प्रचंड वसाहतीची आखणी झाली आणि १९७१ मध्ये लोक राहायला आले. डोंगर कापले गेले, शेते आणि झाडी गेली. जंगल आक्रसल्यावर तानुकींचे दोन गट आधी आपसातच भांडतात. मग ओरोकू नावाची म्हातारी त्यांना खरा शत्रू दाखवते, आणि रूपांतराची विसरलेली विद्या पुन्हा शिकायची व माणसांचा अभ्यास करायचा, अशी पंचवार्षिक योजना आखली जाते. शिकोकू आणि सादो बेटांवरच्या नामांकित बुजुर्गांना बोलावणे जाते. तालमीचा हा भाग चित्रपटातला सर्वांत मोकळा. माणसाचे रूप टिकवताना अंगातले बळ संपते, डोळ्यांखाली काळी वर्तुळे उमटतात, मग शक्तिवर्धक पेयाच्या बाटल्या रिकाम्या होतात. काहींना रूप पालटणे अजिबात जमत नाही. ते पुढे लक्षात ठेवावे लागते.

चित्रणाची खुबी लहान मुलेही चटकन ओळखतात. एकच तानुकी तीन तऱ्हांनी काढलेला आहे. माणसांच्या नजरेसमोर तो चार पायांचा खराखुरा प्राणी असतो. आपसात असताना कपडे घालून दोन पायांवर चालतो. आनंदाने बेभान झाला किंवा पार खचला की दोन-चार रेषांचे व्यंगचित्र होतो. ही तिसरी तऱ्हा चित्रकार शिगेरू सुगिउरा यांच्या शैलीवरून घेतलेली आहे. मरताना मात्र तो पुन्हा प्राणी होतो. रस्त्यावर पडलेला देह विनोदी चित्रातला नसतो, म्हणूनच तो पाहवत नाही.

आता पालकांना सर्वांत आधी खटकणारी गोष्ट. नर तानुकींचे वृषण या चित्रपटात उघड दिसतात आणि कथेत कामाला येतात. जपानमध्ये यात कोणाला अश्लील वाटत नाही. दुकाना-खानावळींच्या दारात ठेवल्या जाणाऱ्या शिगाराकी गावच्या मातीच्या तानुकींना ते मोठ्ठे असतातच, आणि तानुकीचा वृषणकोश आठ तातामी चटयांएवढा पसरतो अशी म्हणच आहे. ते तिथे भरभराटीचे चिन्ह आहे. इंग्रजी डबिंगमध्ये या जागी ‘पिशवी’ अशा अर्थाचा शब्द घातला आहे. त्याने गोंधळ वाढतो. मुले पोटावरची पिशवी समजून कांगारूबद्दल विचारू लागतात. सुरू करण्याआधी एका वाक्यात सांगून टाकणे बरे: जपानी गोष्टींत तानुकीचे अंड जादूचे असते, ते हवे तेवढे ताणता येते. पोळ्याला बैल जवळून पाहिलेले मूल यावर दोन मिनिटे खिदळते आणि पुढे बघू लागते. अवघडतात ती मोठी माणसे.

या एकाच थट्टेचा प्रवास नीट पाहण्यासारखा आहे. आधी म्हातारे गुरुजी सांगतात की तुम्ही सगळे बसला आहात ती लाल बैठक म्हणजे माझा वृषणकोश, सगळे हसतात. पुढे दंगलविरोधी पोलिसांशी झुंजताना तीच गोष्ट हत्यार बनते. शेवटी शिकोकूचा एक बुजुर्ग तिचे खजिन्याचे जहाज करतो, आणि रूप पालटू न शकणारे सारे तानुकी नाचत-गात त्यात बसून मरणाकडे निघून जातात. पहिल्या तासात हसलेल्या मुलाला इथे काय वाटते, हे त्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून हा चित्रपट मुलांना लावून देऊन स्वयंपाकघरात जाण्याचा नाही.

अमेरिकेत याला ‘पीजी’, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्याचा, दर्जा आहे. हिंसा, भीतिदायक दृश्ये आणि आशय ही कारणे दिलेली आहेत. प्रत्यक्षात जपून पाहण्याच्या जागा अशा: गोंता या तापट तानुकीच्या गटाने ट्रक उलथवणे, त्यात चालकांचा मृत्यू, चेहराच नसलेल्या माणसांचा प्रसंग, ज्यात घाबरलेला पोलीस पळत जाईल तिथे पुन्हा तसाच कोरा चेहरा भेटतो, माणसांना घाबरवायला तानुकींनी काढलेल्या भुतांच्या मिरवणुकीत दम संपून एका बुजुर्गाचे प्राण जाणे, आणि शेवटाकडची लढाई. यांपैकी कोऱ्या चेहऱ्याचा प्रसंग पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या झोपेत येतो. ट्रकचा प्रसंग वेगळ्या कारणाने अवघड आहे. मेलेल्या माणसांसाठी तानुकी शांतता पाळायला उभे राहतात आणि त्यांना हसू आवरत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला त्यातले वाईट कळते आणि ते बोलते. त्याहून लहान मूल नुसते त्यांच्याबरोबर हसते. विणीच्या हंगामाचे उल्लेख, पिल्ले आणि साके या जपानी दारूचे घुटके यांत लपवण्यासारखे काही नाही.

त्यामुळे दहा वर्षांपासून पुढे, मोठ्यांच्या सोबतीने, हे वय योग्य ठरते. आठ-नऊ वर्षांचे मूल जिब्लीचे इतर चित्रपट पाहून रुळलेले असेल तर चालते. त्याहून लहानांना थांबवावे, मग ते ‘माय नेबर तोतोरो’ कितीही वेळा पाहिलेले असो. तोतोरोत कोणी मरत नाही.

निवेदन भरपूर आहे. ते राकुगो, म्हणजे बसून एकट्याने गोष्ट रंगवण्याची जपानी कला, सादर करणारे कथाकार कोकोनतेई शिनचो यांच्या आवाजात आहे आणि त्यातला लहेजा हीच निम्मी गंमत, तेव्हा वाचता येणाऱ्या मुलांसाठी मूळ जपानी आवाज आणि सबटायटल ठेवावे. वाचनाचा वेग कमी असेल तर मात्र डबिंग बरे, नाहीतर मूल अर्ध्या तासात कंटाळते. रात्री नऊला सुरू करणे ही नेहमीची चूक: डोळे मिटायच्या वेळेला नेमके मृत्यूचे प्रसंग येतात. दोन बैठका करायच्या असतील तर शिकोकूचे बुजुर्ग येऊन पोचतात तिथे थांबावे. तोवरचा भाग हसता हसता संपतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिरवणुकीपासून सुरुवात होते. या मिरवणुकीच्या गर्दीत जिब्लीच्या आधीच्या चित्रपटांतली पात्रे, म्हणजे तोतोरो, किकी, पोर्को रोसो आणि ‘ओन्ली यस्टरडे’मधली ताएको क्षणभर दिसून जातात, मुलांना ते शोधायला सांगावे. वसाहतीतले लोक घाबरण्याऐवजी तमाशा म्हणून खूश होतात आणि एका करमणूक उद्यानाचा मालक ती आपलीच जाहिरात असल्याचे सांगून श्रेय लाटतो. तानुकींचा खरा पराभव इथे होतो. मोठ्या मुलांशी थांबून बोलावे ते याच जागी.

शेवटचा देखावाही मोठ्यांसाठीच आहे. उरलेले तानुकी सारे बळ एकवटून वसाहतीच्या जागी जुनी टेकडी क्षणभर उभी करतात: शेते, पायवाटा, खेळणारी पोरे. घरांतली माणसे बघत राहतात, आणि तानुकी स्वतःच त्या आभासाकडे धावत सुटतात. आजी-आजोबा सोबत असतील तर इथे त्यांच्याकडे रुमाल असू द्यावा. त्यानंतर ज्यांना जमते ते माणसे होऊन नोकरीला लागतात, बाकीचे गाड्या चुकवत गवताच्या तुकड्यांवर जगतात. त्यांच्यातला एक सरळ प्रेक्षकांकडे वळून विचारतो की आम्ही रूप पालटून निभावले, पण सशांनी काय करायचे? नामावली सुरू झाली म्हणून टीव्ही बंद करू नये. मुलांचे प्रश्न तेव्हाच सुरू होतात, आणि पहिला बहुतेक सशांबद्दलचाच असतो.