‘समुद्री ससा’ फरवाला नाही, आणि त्याला कानही नाहीत

दोन काळे कान, पांढरीशुभ्र फर, मागे गोंडेदार शेपूट. 2015 पासून हा ‘समुद्री ससा’ मोबाइलवर फिरतो आहे. प्राणी खराच आहे. मात्र फोटोखालचा कान, फर, शेपूट असल्याचा मजकूर बहुतेक थापा. ही जोरुन्ना पार्वा नावाची समुद्री गोगलगाय, शंख नसलेली. किकुतारो बाबा या जपानी प्राणिशास्त्रज्ञांनी 1938 मध्ये जपानमधून तिचं वर्णन केलं. लांबी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर.

‘कान’ म्हणजे पाण्यातला वास हुंगणाऱ्या शृंगिका. धोका जाणवला की त्या आत ओढून घेता येतात. ऐकण्याशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. ‘शेपूट’ म्हणजे फुलासारखे उघडे कल्ले. आणि फर? भिंगातून पाहिलं तर पाठभर बारीक उंचवटे दिसतात, प्रत्येकाभोवती चुनखडी सुयांचं कडं. त्यातलेच काही मोठे नि गडद, म्हणून काळे ठिपके. म्हणजे ज्याला कुरवाळावंसं वाटतं ते चक्क सुयांचं रान!

रंगावरून ओळखायला गेलात तर फसाल, कारण ती पिवळी आणि तपकिरीही असते. गवत-गाजर तर सोडाच, ती स्पंज खाते. शिवाय ‘सी हेअर’ (शब्दशः ‘समुद्री ससा’च) हा वेगळाच प्राणी आहे: तो शेवाळ खातो आणि त्याच्या अंगात पातळ शिंपला दडलेला असतो. जोरुन्ना पार्वाची मोठी नातेवाईक, जोरुन्ना फ्युनेब्रिस, भारताच्या समुद्रातही सापडते. ठिपके तसेच काळे, पण आकार कितीतरी मोठा.