डिसोझा, शेल आणि सिंगल कोट

गोव्यात नावांची यादी डेटाबेसात भरायला घ्या, पहिल्याच पानावर रोमन लिपीतला डिसोझा भेटतो, डी आणि एसच्या मधे अपोस्ट्रॉफी घेऊन. पुस्तकांत हा अपवाद असतो. म्हापशात तो शेजारी असतो.

डेटाबेसाला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिचा नियम साधा: मजकूर सिंगल कोटमध्ये (एकेरी अवतरणचिन्हांत), मजकुरातच कोट आला तर तो दोनदा लिहायचा. डबल कोट टेबल-कॉलमच्या नावांसाठी. १९९२च्या मानकात तसे स्पष्ट आहे. पण शेलचे, म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचे, कायदे वेगळे; १९७९च्या युनिक्ससोबत आलेल्या बोर्न शेलपासूनचे. तिथे सिंगल कोटमधले सगळे जसेच्या तसे राहते, डबलमध्ये मात्र डॉलर आणि बॅकटिक (`) उलगडतात, म्हणजे शेल त्यांच्या जागी त्यांची किंमत घालतो. कमांडमध्ये लिहिलेली क्वेरी (डेटाबेसाला विचारलेला प्रश्न) आधी शेल वाचतो, मग डेटाबेस.

घोळ त्या ‘दोनदा’मध्येच आहे. सिंगल कोटातल्या क्वेरीत गाव = ''म्हापसा'' लिहिले, तर शेलच्या लेखी पहिला कोट बंद झाला आणि दुसरा उघडला. दोन्ही गळून पडतात, डेटाबेसाला नुसते म्हापसा पोचते आणि तो म्हणतो, असा कॉलमच नाही. बाहेरून डबल कोट घातले की हे सुटते. पण मायएसक्यूएल या डेटाबेसात टेबल-कॉलमच्या नावांभोवती बॅकटिक असतात, आणि शेल ते कमांड समजून चालवायला जातो!

मायएसक्यूएलने डबल कोटमध्येही मजकूर चालू दिला. त्याच्याशी जुळवून घ्यायला एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसाने तशीच मुभा ठेवली: त्या नावाचा कॉलम नसेल तर मजकूर समजा. मला ही मेहेरबानी कधीच पटली नाही. "गाव"च्या जागी "गव" पडले तरी एरर नाही, उत्तर मात्र शून्य ओळी, आणि माणूस डेटाच गेला म्हणून घाबरतो. ही चूक होती हे कर्त्यांनीही नंतर मान्य केले. २०१९मध्ये मुभा बंद करायची सोय आली, २०२३पासून एसक्यूलाइटच्या स्वतःच्या कमांड लाइन शेलात ही मुभा मुळातच बंद असते. जुन्या स्क्रिप्टवाल्यांची कुरकुर झाली तर होऊ दे.

पोस्टग्रेस या तिसऱ्या डेटाबेसाने २००५मध्ये डॉलर-कोट दिले, म्हणजे कोटऐवजी मजकुराच्या दोन्ही बाजूंना $$. शेलच्या डबल कोटात मात्र तेही सुखरूप पोचत नाहीत, कारण दोन डॉलर म्हणजे शेलचा स्वतःचा प्रोसेस क्रमांक. २०१०पासून पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या कमांड लाइन प्रोग्राममध्ये व्हेरिएबलच्या नावाला सिंगल कोट घालून आधी कोलन दिला की डिसोझाचा अपोस्ट्रॉफी तोच सांभाळतो. अट एकच: क्वेरी फाइलीतून किंवा पाइपने द्यायची. डॅश सीने (-c, कमांडमध्येच क्वेरी लिहायचा पर्याय) दिली तर व्हेरिएबल उलगडतच नाही.